महादेवभाऊंसाठी काठी पाहताना

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळक्या तारेचा ढीग साचतो, तसे आमच्या दुकानात मासेमारीचे किस्से साचले. तार तरी महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाला उचलून नेतो. किश्श्यांना भंगारवालाही विचारत नाही, म्हणून ते माझ्याच डोक्यात पडून आहेत. परवा मुलाने दुकान आवरायला काढलं आणि एक बोल्ट दाखवून विचारलं, "बाबा, हे फेकू का?" बोल्टावर तांब्याची तार गुंडाळलेली होती आणि एका टोकाला गळ लटकत होता. मी म्हटलं, "ठेव तिथंच." मग संध्याकाळपर्यंत माझं कशातच लक्ष लागलं नाही.

दुकान वर्ध्याजवळच्या आंजी गावातलं, स्टँडच्या रस्त्यावर. मी सुधाकर, शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटारी भरून देतो. आमचं मंडळ तीनच माणसांचं. मी, वानखेडे सर आणि महादेवभाऊ. सर इथल्याच शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात कायम वही. महादेवभाऊ शेतकरी, कापूस-तुरीवाले, वयाने आमच्यात मोठे आणि मासे धरण्यात तर आमचे बाप. दर रविवारी सकाळी दुकानासमोर जमायचं, दोन गाड्यांवर धरण गाठायचं, मासेमार सोसायटीची पावती फाडायची आणि ऊन चढलं की परत. बारा-तेरा वर्षं हेच.

आता सर पुण्याला मुलीकडे असतात. फोन केला की तब्येत नंतर, आधी विचारतात, "पाणी किती आहे रे?" पुण्यात बसून आमच्या धरणाचं पाणी विचारणाऱ्या माणसाचं मन तिथं लागलेलं नसतं, एवढं मला कळतं. माझंही इथं फार लागतं असं नाही. रविवार आला की सकाळी सहालाच जाग येते आणि मग करायला काही नसतं.

*

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत काठी विकत घ्यायची वस्तू आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. महादेवभाऊंच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बांबूचं बेट होतं. दिवाळी झाली की ते कुऱ्हाड घेऊन जायचे. एकेक बांबू धरायचा, शेंडा वाकवून सोडायचा आणि त्याची थरथर तळहाताला किती वेळ लागते ते पाहायचं. दहा नापास झाले की एखादा पास व्हायचा.

एकदा मी कंटाळून म्हटलं, "भाऊ, सारे सारखेच तं दिसून राह्यले."

"मासा पान्याखाली का करून राह्यला हे तुले दिसते का? नाई न? मंग सांगते कोन? काठी सांगते. मुकी काठी घेऊन मी का तिचं लोनचं घालू?"

मग ती काठी महिनाभर सावलीत वाळायची, जवसाचं तेल प्यायची. पण शांतावहिनींना, म्हणजे महादेवभाऊंच्या बायकोला, अशी सरळ गुळगुळीत काठी म्हणजे कपडे वाळत घालायची सोय वाटायची. दोघांचं त्यावरून वर्षानुवर्षं भांडण. एका रविवारी धरणावर गेल्यावर सरांना दिसलं, काठीच्या शेंड्याला कपड्यांचा निळा चिमटा तसाच राहिलाय. ते काढायला उठले, तेवढ्यात काठी वाकली. चांगला अडीच किलोचा रोहू निघाला.

त्यानंतर अख्खा हंगाम महादेवभाऊंनी तो चिमटा काढू दिला नाही. वहिनींनी मागितला तर म्हणाले, "तू दुसरा घे. हा कामावर आहे."

पुढच्या रविवारी पाहतो तर सरांच्या काठीलाही चिमटा. गुलाबी. मी म्हटलं, "सर, तुमी? गनिताचे मास्तर?"

सर शांतपणे म्हणाले, "सुधाकर, पुरावा नाही. पण नुकसानही नाही."

*

यंत्राची काठी, म्हणजे रीळ लावलेली, आमच्यात पहिल्यांदा सरांनी आणली. व्हिडिओ पाहून पाहून ऑनलाइन मागवली. खोकं इतकं लांब होतं की डिलिव्हरीवाल्याला अख्ख्या आंजीने विचारलं, यात काय आहे. काठीच्या मुठीजवळ बारीक अक्षरात शंभर ते दोनशे ग्रॅम असं लिहिलं होतं. सर खूश. "म्हणजे काठीचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत. किती हलकी पाहा."

हातात घेतली तर ती लोखंडी पहार. तरी सर मानेनात, छापलेला आकडा खोटा कसा असेल.

धरणावर गेलो. आमच्या दोऱ्याला वजन असायचं पंधरा ग्रॅमचं. सरांनी काठी मागे नेऊन जोरात झटकली आणि गळ त्यांच्याच चपलेपाशी पडला. दहा वेळा तेच. अकराव्या वेळी कसाबसा पाण्यात गेला. तासाभराने दोरा गुंडाळला तर चारा साफ. मासा येऊन, जेवून, निघूनही गेला होता आणि शेंडा तसूभर हलला नव्हता. ती काठी समुद्रावरची होती. आकडा काठीच्या वजनाचा नव्हता, तिने किती वजनाचं ओझं फेकायचं त्याचा होता.

महादेवभाऊंनी ती हातात घेऊन वाकवून पाहिली आणि सरांना परत दिली. "सर, हे काठी मासे धराची नाई. बैल हाकाची आहे."

सरांनी मोठ्या मनाने ती त्यांनाच देऊन टाकली. पोळ्याला महादेवभाऊंनी तिच्या टोकाला लाल गोंडा बांधून ती मिरवली. बैलांनीही तिला जुमानलं नाही. सरांनी मात्र त्या दिवशी वहीत पहिला नियम लिहिला: "काठीवरचा आकडा कशाचा आहे ते आधी समजून घेणे." गणित शिकवताना चाळीस वर्षं ते पोरांना हेच सांगत होते.

*

मग सरांच्या डोक्यात जिगिंग शिरलं. चारा लावायचाच नाही. धातूचा चमकता तुकडा, म्हणजे जिग, त्याला गळ. तो सरळ तळापर्यंत सोडायचा आणि मनगटाने काठीचा शेंडा वर झटकायचा, खाली पडू द्यायचा. वर, खाली, वर, खाली. तळाच्या माशाला वाटतं, जखमी मासोळी तडफडतेय, आणि तो झडप घालतो. हे सगळं सर माझ्या दुकानात टेस्टरला दोरी बांधून दाखवत होते. महादेवभाऊ बशीतून चहा पीत पाहत होते.

"म्हंजे खायले काईच द्याचं नाई. नुसतं हालवून दाखवाचं. अन् तो येते?"

"येतो."

"मंग मासे का मतदार होय?"

विकतचे जिग महाग पडायचे. मी म्हटलं, त्याला काय लागतं. जाड बोल्ट घेतला, त्यावर बारीक तांब्याची तार शेजारी-शेजारी गुंडाळली, एकीकडे कडी, एकीकडे गळ. तार गुंडाळणं हा तर माझा धंदाच. उन्हात असा चमकला की सर म्हणाले, याचं पेटंट घे. पहिल्याच रविवारी मरळ लागली आणि मी हवेत गेलो. दिवसाला दोन-दोन बनवायला लागलो. माझी बायको म्हणायची, मोटारी कमी आणि दागिनेच जास्त घडवता.

झालं असं की जिगचे बोल्ट आणि मोटारीचे बोल्ट एकाच डब्यात. हंगामाची घाई. एक दिवस शेजारच्या गावचा शेतकरी दुकानात आला, रुमालाची गाठ सोडली आणि बोल्ट टेबलावर ठेवला. तार गुंडाळलेला, गळ लावलेला. त्याची पँट गुडघ्यापाशी टराटरा फाटलेली. मी त्याच्या मोटारीचं झाकण कसताना कोणता बोल्ट लावला होता ते माझ्या लक्षात आलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तो मात्र अगदी शांत. म्हणाला, "भाऊ, मोटर चांगली चालून राह्यली, तक्रार नाई. फक्त इचारतो, हे पान्यासंग मासे बी ओढते का?"

मी माफी मागितली, चहा पाजला, साधा बोल्ट दिला. तो पायरी उतरला, थांबला आणि परत आला. "तो गळाचाही राहू द्या माह्यापाशी. माह्या विहिरीत मासे आहेत."

*

असे दिवस चालले होते आणि महादेवभाऊंना लकवा झाला.

सकाळी चहाचा कप हातातून पडला, एवढंच. वहिनींना वाटलं झोपेत असतील. सावंगीच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र राहिला. बोटं थोडी हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. एकदा गरम पातेलं धरलं, फोड आला आणि तो फोड पाहूनच त्यांना समजलं की भाजलं.

फिजिओथेरपीवाली मुलगी नागपूरकडची, स्पष्ट बोलणारी. तिने आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "हालचाल व्यायामाने बरीच येईल. हाताला स्पर्श कळायला लागेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण हात वापरात राहिला तरच आशा. पहिले काही महिने महत्त्वाचे."

तिने एक पिवळा रबरी बॉल दिला होता. आठवड्याने आम्ही घरी गेलो तर तो बॉल दाराला अडवण म्हणून लावलेला.

"बॉल दाबाले मी का लेकरू हो?" महादेवभाऊ म्हणाले. खाटेवर पडून भिंतीकडे तोंड. थोड्या वेळाने तसेच म्हणाले, "दात नसले तं मानूस भाकर कुस्करून खाते, सुधाकर. बोटाले समजत नसन तं गरी टाकता येत नाई. माहं संपलं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाच बांबूच्या काठ्या माझ्या दुकानात आल्या. निरोप होता, तुमी दोघं वाटून घ्या. मी त्या आत नेल्याच नाहीत. दाराशी उभ्या करून ठेवल्या. गिऱ्हाईक विचारायचे, या विकाच्या आहेत का, आणि मी त्यांच्यावर उगाच खेकसायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. धरणावर आम्ही दोघंच गेलो होतो एक रविवार. तासाभरात परत आलो.

पुढच्या तपासणीला सर आणि मी त्यांना घेऊन गेलो. ती मुलगी मनगटाचा व्यायाम करून दाखवत होती. मूठ धरायची, मनगट वर, मनगट खाली. वर, खाली. शंभर वेळा, दिवसातून तीनदा. महादेवभाऊ पंख्याकडे पाहत होते. सरांनी मला कोपर मारलं आणि एकदम उभे राहिले.

"मॅडम, हे तर जिगिंग आहे."

ती म्हणाली, "ही कुठली ट्रीटमेंट?"

सरांनी तिचा पेन घेतला, त्याला स्वतःच्या चष्म्याची दोरी बांधली आणि तिला दहा मिनिटं सगळं समजावलं. बाहेर पेशंटची रांग. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, ते हातात काय धरतात याच्याशी मला देणंघेणं नाही. हलकं असू द्या, मूठ जाड असू द्या. शंभर वेळा. आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा एकदम बंद."

शेवटचं वाक्य तेवढं महादेवभाऊंनी लक्ष देऊन ऐकलं.

*

वर्ध्याला इकबालभाईंचं दोर-जाळ्यांचं दुकान आहे. आमचे गळ, नायलॉनचा दोरा, सगळं वर्षानुवर्षं तिथूनच. दाराशी आम्हाला पाहिलं की ते आधी चहा सांगायचे, मग भाव. त्या दिवशी सरांच्या वहीत अटी लिहिलेल्या होत्या. लांबी सहा फुटांच्या आत, कारण लांब काठी दुबळं मनगट खाली ओढते, बांबू चालणार नव्हता तो त्यामुळेच. दहा ते वीस ग्रॅमचा जिग पेलणारी. मूठ जाड. आणि हजाराच्या आतली, कारण काठी धुऱ्यावर फुकट उगवते असं मानणाऱ्या माणसाला ती द्यायची होती. भारी काठी त्यांनी हातातही धरली नसती.

इकबालभाईंनी पहिली काढली ती भरीव फायबरची. स्वस्त, आणि वरून बैलगाडी गेली तरी मोडणार नाही अशी. सरांनी पिशवीतून घरचा वजनकाटा काढून काउंटरवर ठेवला. जड भरली. दुसरी अख्ख्या कार्बनची, हातात आहे की नाही कळू नये इतकी हलकी. किंमत ऐकून सरांनी ती दोन्ही हातांनी परत ठेवली. शिवाय कार्बन दगडावर आपटलं की तडकतं, आणि महादेवभाऊंच्या हातून ती चार वेळा पडणार हे ठरलेलंच. मग निघाल्या तीन मिश्र मालाच्या, कार्बन आणि फायबर मिळून बनवलेल्या. तिन्ही परवडणाऱ्या, तिन्हींचं वजन जवळपास सारखं.

"आता निवडायची कशी?" मी विचारलं.

सर म्हणाले, "महादेवराव बांबू कसा निवडतात? डोळे मीट. मूठ धर."

मी डोळे मिटून मूठ धरली. सर काठीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि शेंडा नखाने खाजवू लागले. "आलं हाताला?" "आलं." "आता?" "नाही." "आता?" "थोडं." दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक घाबरून इकबालभाईंना विचारायला लागलं, यांना काय झालंय.

"कुछ नहीं," इकबालभाई म्हणाले. "मास्टरजी हैं. काठी का पेपर ले रहे हैं." मग सरांना म्हणाले, "सर, इतना तो मैंने मकान लेते टाइम नहीं देखा."

सर म्हणाले, "इकबालभाई, महादेवरावांच्या हाताला काही कळत नाही हो. म्हणून जी सगळ्यात जास्त बोलते, ती पाहिजे."

इकबालभाईंना लकव्याचं माहीत नव्हतं. ते काउंटरचं फळकुट उचलून बाहेर आले, सरांना बाजूला केलं आणि स्वतः शेंडा खाजवत बसले. त्यांचं नख मोठं होतं. तासभर तिन्ही काठ्या उलटून-पालटून झाल्यावर त्यांनी मधली काढली. शेजारच्या सायकलच्या दुकानातून हँडलचं रबर आणून मुठीवर चढवलं. सर म्हणाले, "रबराने थरथर मरेल." तेव्हा इकबालभाईंनी ते पुढून इंचभर कापलं, म्हणजे पहिलं बोट उघड्या काठीवर टेकेल. रबराचे पैसे घेतले नाहीत.

"भाऊ को बोलना," ते म्हणाले, "पहली मछली का फोटो मेरे को होना."

*

किंमत अडीचशे सांगायची असं बसमध्येच ठरलं होतं. खरी किंमत ऐकली असती तर काठी त्याच बसने परत गेली असती.

महादेवभाऊंनी डाव्या हाताने काठी घेतली, इकडून-तिकडून पाहिली. "केवढ्याची?"

"अडीचशेची," मी म्हटलं. माझं काय, मी गिऱ्हाइकांशी रोज बोलतो.

त्यांनी सरांकडे पाहिलं. "हाव का, सर?"

सरांना घाम फुटला. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली, मिटली. "महादेवराव," ते म्हणाले, "अडीचशे हा एक आकडा आहे. एवढंच मी सांगू शकतो."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर तुरीच्या डाळीचं पोतडं. शेजारी वहिनी उभ्या. "यायनं पाठवली. म्हनतात, मास्तरले खोटं बोलाले लावत नोका जाऊ."

ती डाळ आम्ही दोन्ही घरांनी वर्षभर खाल्ली. आजही तुरीचं वरण पानात पडलं की मला सरांचा तो घामेजलेला चेहरा दिसतो.

काठी मात्र दहा दिवस खुंटीला लटकून होती. मग एका दुपारी वहिनींचा फोन. "भाऊजी, सरायले घेऊन या बरं लवकर. हे हौदात गरी टाकून बसले."

आम्ही धावतच गेलो. गोठ्यामागे बैलांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद. महादेवभाऊ उलट्या टोपल्यावर बसलेले, उजव्या हातात काठी, आणि माझा तांब्याचा बोल्ट हौदात वर-खाली, वर-खाली. तोंडाने मोजणं चालू. अठ्ठावन्न, एकोणसाठ. दोन्ही बैल चार हात लांब उभे राहून पाण्याकडे टक लावून पाहत होते.

"सकाळपासून बैलायनं पानी नाई पेलं," वहिनी म्हणाल्या. "त्यायले वाटून राह्यलं, आत काईतरी जित्तं आहे."

महादेवभाऊंनी आम्हाला पाहिलं आणि मोजणं न थांबवता म्हणाले, "पाह्यत का उभे राह्यले? बैलायले बकेटीनं पानी द्या. साठ."

त्या दिवसापासून घरात व्यायामाच्या वेळा पाळल्या जाऊ लागल्या, कारण बैलांच्या पाण्याच्या वेळा त्यावर ठरायच्या. महिन्याभरात बोटं बरीच मिटायला लागली. पण सर रोज संध्याकाळी जाऊन त्यांना डोळे मिटायला लावायचे आणि पेन्सिल बोटांना टेकवायचे. "कळलं?" "नाई." "आता?" "नाई." सर वहीत तारीख टाकून पुढे शून्य लिहायचे. दिवाळीपर्यंत शून्यांची चार पानं भरली. वही मिटताना ते माझ्याकडे पाहायचे नाहीत.

*

दिवाळीनंतरच्या रविवारी महादेवभाऊ स्वतःच म्हणाले, "हौदात मासे नाई राह्यले. धरनावर चला."

सकाळी थंडी होती. मी त्यांना माझ्या गाडीवर मागे बसवलं, वहिनींनी त्यांना माझ्या कंबरेशी शालीने बांधलं. धरणाच्या भिंतीच्या टोकाला दगडांखालीच पाणी चार पुरुष खोल आहे, तिथं त्यांना बसवलं. सरांनी खिशातून सुती दोरी काढली आणि काठीची मूठ त्यांच्या मनगटाला बांधली.

"मले का ढोर समजले? सोडा."

"महादेवराव, हातातून निसटली तर?"

"निसटली तं निसटली. बांधून मासे नाई धरत मी."

सरांनी दोरी सोडली. महादेवभाऊंनी बोल्ट तळापर्यंत सोडला आणि सुरू केलं. उजव्या हाताने वर, खाली. डावा हात रिळावर. मी थोडा लांब बसलो. मला एक छोटा शिंगाडा मासा लागला, पण मी काही बोललो नाही. तास झाला, सव्वा तास झाला. कितीतरी महिन्यांनी आम्ही तिघं एका ओळीत बसलो होतो. मासा नाही लागला तरी चालेल, असं मी मनात म्हणतही होतो.

सर थर्मासातला चहा ओतायला मागे गेले. महादेवभाऊंनी मान वळवून त्यांची पाठ नीट पाहून घेतली आणि डावा हात रिळावरून काढून कुडत्याच्या खिशात घातला. खर्र्याची पुडी. डॉक्टरांनी, वहिनींनी, सरांनी, सगळ्यांनी बंद केलेला खर्रा. पुडी खिशात अडकली होती, ते मान खाली घालून ती उकरत होते. मी पाहिलं आणि गप्प बसलो. चूक माझीच.

तेवढ्यात शेंडा खाली गेला.

"अं?" महादेवभाऊ म्हणाले.

त्यांची बोटं मिटताना मी पाहिली. मिटत होती, पण सावकाश. अंगठा बोटाला भिडेपर्यंत रबराची मूठ त्यातून निघून गेली होती. काठी दगडावरून घसरली, एकदा मूठ वर करून उभी राहिली आणि पाण्यात गेली. मी चपला टाकून धावलो. हात घातला तेव्हा खाली नुसते बुडबुडे होते.

"गेली," मी ओरडलो. "सर, काठी गेली."

सर हातात चहाचा कप घेऊन तसेच धावत आले. माझं डोकं तापलं होतं. तीन काठ्यांतून नखाने खाजवून निवडलेली काठी, इकबालभाईंचं रबर, ती डाळ, सगळं चार पुरुष खाली, आणि तेही एका पुडीपायी. मी खर्र्यावरून चांगलं तोंड सोडणार होतो. वळून पाहिलं तर महादेवभाऊंचं पाण्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी उजवा तळहात वर करून मांडीवर ठेवला होता आणि डाव्या अंगठ्याने ते त्याचं पहिलं बोट दाबून पाहत होते. पुडी खाली पडली होती.

"दोन डाव ओढलं त्यानं," ते म्हणाले. "पयले बारीक. मंग जोरात."

सर म्हणाले, "शेंडा हलताना पाहिलात तुम्ही?"

"मी कुठं पाह्यत होतो? मी तं खिशात पाहून राह्यलो होतो."

सरांनी कप दगडावर ठेवला. तो नीट टेकला नाही, लवंडला. त्यांनी चष्मा काढला, आमच्याकडे पाठ केली आणि तिथंच दगडावर बसले.

महादेवभाऊंनी मग माझ्याकडे पाहिलं, सरांच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले,

"काठी माही गेली न, सर? मंग तुमी काऊन रडून राह्यले?"